दोन बहारांचा हव्यास

गेल्या महिन्यात नागपुरातील एका साहित्यसभेस जाण्याचा योग आला. व्याख्यानाचा विषय होता 'नवोदित लेखक आणि लेखनसाधना'. व्याख्याते वयाने व व्यासंगाने आमच्याहून वडील आणि त्यांचा हेतूही शुद्ध. परंतु भाषणाच्या शेवटी त्यांनी जो दृष्टांत दिला, आणि ज्यावर सभागृहात सर्वांत अधिक टाळ्या पडल्या, तो ऐकून आम्ही अस्वस्थ झालो. ती अस्वस्थता अद्याप गेलेली नाही. ते म्हणाले, की राम गणेश गडकरी सावनेरास आजाराने जर्जर झाले असताही 'भावबंधन' लिहीत राहिले, नाटक पुरे केले आणि मगच त्यांनी डोळे मिटले. लेखक असावा तर असा. ज्याला थकवा येतो तो लेखकच नव्हे. आमच्या पुढच्या रांगेत कॉलेजातील चार-सहा मुलेमुली बसली होती. त्यांपैकी एका मुलीने हे शेवटचे वाक्य वहीत उतरून घेतले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या दोन रेघा पाहिल्या नसत्या, तर कदाचित हा लेख लिहिण्याच्या भरीस आम्ही पडलो नसतो.

प्रथम वस्तुस्थिती काय ती पाहू. गडकरी २६ मे १८८५ रोजी जन्मले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले. वयाची चौतीस वर्षेही त्यांना पुरी लाभली नाहीत. सावनेर म्हणजे नागपुराहून छिंदवाड्याच्या वाटेवर सुमारे ३५ किलोमीटरवरचे गाव. आजारपणात ते तेथे आपल्या बंधूंच्या घरी राहावयास आले होते. 'भावबंधन' मृत्यूच्या अगदी उंबरठ्यावर पुरे झाले, हे खरे. 'एकच प्याला' त्यापूर्वीच लिहून झाले होते. परंतु ते रंगभूमीवर आलेले पाहणे कर्त्याच्या नशिबी नव्हते, तो प्रयोग १९१९ सालीच, पण त्यांच्या पश्चात झाला. इतके सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु व्याख्यात्यांनी जे सांगितले नाही, तेही तितकेच खरे आहे. 'राजसंन्यास' अपुरे राहिले. पुरे झालेल्या नाटकाची कथा सांगून टाळ्या घेणाऱ्याने अपुऱ्या राहिलेल्या नाटकाचे नाव निदान एकदा घ्यावयास हवे होते.

आम्ही असे म्हणत नाही, की लेखणी खाली ठेविली असती तर गडकरी वाचले असते. ते दुखण्याने गेले, नाटकाने नव्हे. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने आपले उरलेले दिवस कशात घालवावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा. तेथे उपदेश करणारे आपण कोण? आमचा आक्षेप निराळा आहे. ज्याला आपले दिवस सरत आलेले दिसत होते त्याच्या घाईचा कित्ता, ज्यांच्यापुढे चाळीस-पन्नास वर्षे पडली आहेत त्यांच्या हाती गिरविण्यासाठी देणे, यात गडकऱ्यांचा गौरव नाही आणि त्या मुलांचे हितही नाही. एका दुःखाची आपण शाळेतील सुभाषितासारखी घोकंपट्टी चालविली आहे. आणि तिचा अर्थ काय, तर लेखकाने थकू नये. थकल्यास बोलू नये. बोलल्यास त्याला आळशी म्हणावे.

आळस आणि शीण यांत भेद आहे, आणि तो न जाणल्यामुळेच हा सारा घोटाळा झाला आहे. आळशी माणसास काम टाळल्याचे सुख होते. शिणलेल्या माणसास काम न झाल्याचे दुःख होते; तो रोज रात्री कागदापुढे बसतो, रोज उठतो, आणि अंथरुणावर पडल्यावरही त्या कोऱ्या कागदाचीच तळमळ करीत राहतो. आळशास सुट्टी दिली तर तो ती आनंदाने घेईल. शिणलेल्यास ती घेण्याचीही लाज वाटेल. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली या अवस्थेस 'बर्नआउट' या नावाने शास्त्रीय चर्चेत आणले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिची नोंद केली. रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. तिची तीन अंगे तेथे सांगितली आहेत : शक्ती सरून गेल्याची भावना; आपल्या कामाविषयी वाढत जाणारा दुरावा व कडवटपणा; आणि कामाचा उतरता कस. ही व्याख्या नोकरीधंद्यापुरती आहे, हे आम्ही जाणतो. परंतु लेखन हेही कामच आहे, आणि आपल्याकडे तर ते बहुधा पोटाच्या कामावर चढविलेले दुसरे काम असते.

ही तीन लक्षणे लेखकात कशी दिसतात, हे दुसऱ्याचे नाव घेऊन सांगण्यापेक्षा स्वतःचेच सांगितलेले बरे. काही वर्षांपूर्वी एकाच दिवाळीस आम्ही पाच अंकांना पाच लेख दिले. दिवसा नोकरी, आणि रात्री दहापासून एकपर्यंत लेखन. पाचही लेख वेळेवर गेले, पाचही छापून आले, आणि आम्ही स्वतःवर बेहद्द खूश झालो. त्यानंतर इतवारीतील एका वाचकाचे कार्ड आले. अत्यंत सभ्य भाषेत त्यांनी कळविले होते, की पाचांपैकी तीन लेख त्यांनी वाचले. तिन्हींत एक आटलेली विहीर आहे, तिन्ही विहिरींच्या तळाशी थोडे पाणी आहे आणि तिन्ही पाण्यांत आभाळ दिसते. आपली विहीर आता आमच्या चांगल्या परिचयाची झाली आहे. आम्ही अंक काढून पाहिले. वाचकाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. लिहिताना ते आम्हांस कळले नव्हते, आणि मुद्रिते तपासतानाही कळले नव्हते. कस उतरणे म्हणतात ते हे : लेखन थांबत नाही, ते चालूच राहते, केवळ आपण काय लिहीत आहो हे आपणांस दिसेनासे होते.

दुसरे लक्षण याहून लाजिरवाणे. त्याच सुमारास एका मित्राने आपला नवा कवितासंग्रह प्रेमाने पाठविला. तो हाती पडताच आमच्या मनात पहिली भावना आली ती चिडीची : आता हा वाचावा लागणार! ज्या माणसाने बालपणी सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांपुढे तासन्‌तास उभे राहून फुकट वाचन केले, त्याला पुस्तक हे ओझे वाटू लागले. सभांत बसावे तर वक्त्यांचा कंटाळा, न जावे तर आपल्यावाचून सभा झाल्याचा राग. दुसऱ्याच्या चांगल्या ओळीने आनंद होण्याऐवजी मन तिच्यातील वैगुण्य शोधू लागे, आणि ते सापडले म्हणजे त्यास समाधान वाटे. याला आम्ही त्या वेळी चिकित्सक वृत्ती म्हणत होतो. तिचे खरे नाव शीण हे होते. तिसरे लक्षण, ते शक्ती सरणे, हे सर्वांत शेवटी आले. कारण शरीर बिचारे सहनशील. तोवर मन केव्हाच थकून बसले होते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. पहिला आक्षेप असा, की नियमित लेखनावाचून साहित्य उभे राहत नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढले व पाव शतकाहून अधिक काळ चालविले, ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांची संख्या सत्तरीच्या घरात जाते. हे सारे लहर लागेल तेव्हा लिहून झाले काय? आम्हीही म्हणतो, की झाले नाही. नियमाशी आमचे भांडण नाही. परंतु नियम म्हणजे अखंडता नव्हे. हरिभाऊंच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, हे त्यांच्या नावाची जपमाळ ओढणाऱ्यांनी विसरू नये. आणि नियमाचे प्रमाणच हवे असेल तर ते आपल्या परंपरेत, आपल्या विदर्भाशी नाते सांगणाऱ्या ग्रंथात आहे. राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह ज्या नगरीत लावून दिला, ती वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. इ. स. ९०० च्या सुमारास रचलेल्या त्याच्या 'काव्यमीमांसे'त कवीच्या दिनचर्येस एक अध्याय दिलेला आहे. अहोरात्राचे आठ प्रहर. पहिल्या प्रहरी संध्यावंदन आणि विद्यांचा अभ्यास. दुसऱ्या प्रहरी काव्यरचना. मग स्नान, भोजन आणि भोजनोत्तर काव्यगोष्ठी. चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेचे परीक्षण, कारण रचनेच्या आवेशात विवेकाची दृष्टी राहत नाही. रात्रीच्या पहिल्या प्रहरी तपासलेले लिहून काढणे. आणि त्यानंतरचे दोन प्रहर स्वस्थ झोप, कारण आरोग्याचे मूळ तेथे आहे. वाचकांनी हिशेब करावा. नवी रचना आठांपैकी एका प्रहरात. झोप दोन प्रहरांत. ज्याने कवीस इतक्या कडक नियमात बांधले, त्याने झोप ही त्या नियमाचाच भाग मानली. रात्री दहा ते एक या आमच्या लेखनाच्या वेळा त्यास दाखविल्या असत्या, तर त्याने आम्हांस कवी न म्हणता पहारेकरी म्हटले असते.

दुसरा आक्षेप असा, की लेखक थांबला की वाचक त्याला विसरतात. हा आक्षेप प्रकाशक फार करतात, आणि लेखक त्यास फार भितात. केशवसुतांची उपलब्ध कविता सुमारे १३५. शतकाहून अधिक काळ लोटला, तरी त्यांना मराठी वाचक विसरलेला नाही. फार लांब कशास जावे? आमच्या नागपूरचेच कवी ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे. त्यांचा 'चंद्रमाधवीचे प्रदेश' हा संग्रह १९७७ साली निघाला आणि त्यानंतरचा 'सांध्यपर्वातील वैष्णवी' १९९५ साली. मध्यंतरी ललित गद्य त्यांनी लिहिले; परंतु दोन कवितासंग्रहांत अठरा वर्षांचे अंतर पडले. त्या अठरा वर्षांत त्यांच्या मनात काय चालले होते, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि ती सारी विश्रांतीच होती असेही आम्ही म्हणत नाही. आम्ही वाचकांची बाजू तेवढी सांगतो : वाचक थांबले होते. एक पिढी 'संध्याकाळच्या कविता' हातात घेऊन वाढली आणि नवा संग्रह येताच दुसऱ्या पिढीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. वाचक विसरतो तो दरवर्षी तेच ते लिहिणाऱ्यास. जो सांगण्यासारखे काही घेऊन परत येतो, त्याची वाट पाहण्यास तो तयार असतो.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यास शाब्दिक उत्तर देऊन निसटून जाणे आम्हांस शोभणार नाही. तो असा, की विश्रांती ही ज्यांस परवडते त्यांची गोष्ट. ज्या तरुणाचे घर मालिकांच्या भागांवर, भाषांतरांवर, वृत्तपत्री सदरांवर चालते, त्याने दोन महिने लेखणी ठेवावी, तर घरभाडे कोण देणार? गडकऱ्यांच्या काळी नाटककारास नाटक मंडळ्यांची निकड असे; आज ती निकड संपादकांची, वाहिन्यांची आणि निर्मात्यांची आहे. हे सर्व खरे असल्यामुळेच आमचा रोख थकलेल्या लेखकावर नाही. तो आहे थकवणाऱ्या व्यवस्थेवर, आणि तीत आपण सगळे वाटेकरी आहो.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा मराठी कुटुंबांस फराळाबरोबर वाचनाची एक सुंदर चाल लागली. त्या चालीचे ऋण आम्ही मानतो. आमचे स्वतःचे लेखन त्याच अंगणात वाढले. परंतु आज होते काय? आषाढ लागला की संपादकांची पत्रे व फोन सुरू होतात. एका नावाजलेल्या लेखकाकडे आठ-दहा अंकांचे मागणे येते. नाही म्हटले तर 'मोठे झालात' असा टोमणा. गणपती बसेपर्यंत मजकूर हवा. दिवाळी संपते न संपते तोच साहित्य संमेलनाचे वारे वाहू लागतात; त्यासाठी नवे पुस्तक हवे, परिसंवादांची टिपणे हवीत, स्मरणिकेस लेख हवा. आणि ज्या मजकुरासाठी दिवसाला तीन-तीन स्मरणपत्रे आली, त्याच्या मानधनाविषयी मात्र पुढची होळी उलटली तरी कोणी ब्र काढीत नाही.

या दुहेरी हव्यासाचे फळ काय, हे आमच्या विदर्भातील शेतकऱ्यास विचारावे. ज्या सावनेरच्या दृष्टांतावरून हा वाद निघाला, त्याच्याच शेजारी काटोल आहे, पुढे नरखेड, वरुड, मोर्शी. संत्र्याच्या बागांचा हा मुलूख. संत्र्याचे झाड वर्षातून दोनदा बहरू शकते. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार. त्याची फळे दिवाळीच्या आगेमागे उतरतात. पावसाच्या तोंडी फुलतो तो मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारीपासून येतात. वाचकांच्या ध्यानी आलेच असेल, की एक बहार दिवाळी अंकाचा आणि दुसरा संमेलनाचा. परंतु जाणता बागाईतदार एका झाडावर दोन्ही बहार धरीत नाही. दोन्ही धरले तर एक-दोन वर्षे टोपल्या भरतात. मग फळ लहान पडते, फांद्यांवर वाळकी सल वाढते आणि झाड उतरणीस लागते.

आणि जो एक बहार धरावयाचा, त्यासाठी तो काय करतो? तो झाडाचे पाणी तोडतो. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत अधिक दिवस झाड कोरडे ठेवतो. पाने मलूल होतात, काही गळतात. नवख्या माणसास वाटावे, की बाग गेली. परंतु झाड मेलेले नसते. त्याची वाढ थांबलेली असते आणि अन्न फांद्यांत साठत असते. मग योग्य दिवशी हलके पाणी आणि खत देऊन बागाईतदार तो कोरडेपणा मोडतो, आणि झाड फुलाने भरून जाते. या विश्रांतीस आमच्याकडे शब्द कोणता आहे? 'ताण'. शहरात आपण ज्यास ताण म्हणतो तो माणसास मोडतो. बागेत ज्यास ताण म्हणतात तो झाडास सावरतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ काटोलच्या शेतकऱ्यास ठाऊक आहेत. नागपूरच्या सभागृहात टाळ्या वाजविणाऱ्या आम्हां सुशिक्षितांस त्यांपैकी एकच ठाऊक आहे.

हा दृष्टांत आम्ही अलंकार म्हणून योजिलेला नाही. त्यात आमचा व्यवहार आहे, आणि तो आम्ही स्वतः चार वर्षे पाळून पाहिला आहे. पहिली गोष्ट, वर्षात एकच बहार. दिवाळीचे लेखन घेतले तर संमेलनाच्या हंगामास नकार, किंवा उलट. दुसरी, ताणास आरंभ असावा तसा शेवटही असावा. शेवट न ठरविलेल्या ताणाने झाड वाळते. 'पुन्हा केव्हातरी लिहू' म्हणणाऱ्याची लेखणीही तशीच वाळते. आम्ही वैशाख आणि ज्येष्ठ हे दोन महिने धरले. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी वाळ्याच्या पडद्यामागे निजणे याहून शहाणपणाचा उद्योग आमच्या वाडवडिलांस सापडला नव्हता, आणि आम्हांसही सापडलेला नाही. तिसरी, त्या काळात खरोखरच काही लिहू नये. वर्तमानपत्रास पत्र नाही, कोणाच्या पुस्तकास प्रस्तावना नाही, मोबाइलवर रोजची चार चुरचुरीत वाक्येही नाहीत. पाणी तोडावयाचे आणि रोज लोटाभर घालावयाचे, याला ताण म्हणत नाहीत. वाचावे, पण टिपणे न काढता. सकाळी अंबाझरीच्या काठाने हिंडावे, घरच्या कुंड्यांची माती बदलावी, दप्तरातील जुने कागद उन्हात घालावे.

पहिल्या वर्षी पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. आपण कोणीच नाही असे वाटे. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मित्राचा तो कवितासंग्रह सहज हाती घेतला, आणि तासाभरात संपविला. त्यातील दोन कविता इतक्या चांगल्या होत्या, की आम्ही त्यास तेव्हाच फोन केला. तो म्हणाला, "अहो, पुस्तक पाठवून सात महिने झाले!" आम्ही क्षमा मागितली. परंतु दुसऱ्याच्या ओळीने निर्मळ आनंद होतो आहे, हे त्या दिवशी पुन्हा अनुभवास आले, आणि पाणी देण्याची वेळ जवळ आली आहे हेही त्यावरूनच कळले.

येथे एक इशारा देणे कर्तव्य आहे. विश्रांती घेऊनही झोप परत येत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर तो केवळ लेखनाचा शीण नव्हे. तेथे संत्र्याच्या बागेचा दृष्टांत चालत नाही. तेथे विनासंकोच डॉक्टरांकडे जावे, आणि घरच्यांनी न्यावे. लेखकाच्या दुःखास प्रतिभेचे लक्षण मानून त्यास एकटे सोडण्याची आपली जुनी खोड पुष्कळ अनर्थास कारण झालेली आहे.

घरच्यांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांच्याशीही दोन शब्द बोलावे. आमच्या मध्यमवर्गीय घरांत लेखक पुरुष असेल तर त्यास निदान 'लिहितो आहे, हाक मारू नका' एवढी सवलत मिळते. लेखिकेचे काय? तिने दोन महिने लिहावयाचे नाही असे ठरविले, तर घर आनंदाने म्हणते, "बरे झाले, यंदा कुरडया-पापड घरीच करू." म्हणजे लेखनातून मिळालेली सुट्टी स्वयंपाकघराच्या खाती जमा! दिवसभर नोकरी व घर, आणि सगळे निजल्यावर डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यावर लेखन, अशी जिची दिनचर्या आहे, तिला विश्रांतीचा उपदेश करणे ही थट्टाच आहे, जोवर तिच्या वाटचे काम दुसरे कोणी उचलीत नाही. राजशेखराच्या कवीस दोन प्रहर झोप मिळत असे, ती घरातील इतर माणसे जागी होती म्हणून. हा लेख वाचणाऱ्या कुटुंबांत अशी कोणी लिहिणारी असेल, तर येत्या वैशाखात तिचे दोन प्रहर तिला कोणी मिळवून द्यावयाचे, हे त्या कुटुंबाने आजच ठरवावे.

संपादकांस आमची विनंती याहून सोपी आहे. मजकूर मागावयाचा तर माघात मागावा, आषाढात नव्हे. लेखकाने नकार दिला तर तो एका वर्षाचा नकार समजावा, वैर समजू नये. आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारावे. मानधन अंक निघाल्याबरोबर द्यावे. कारण वेळेवर आलेले मानधन म्हणजे ताण संपल्यावर मिळालेले पाणी, आणि उशिरा आलेले मानधन म्हणजे गळून गेलेल्या फुलांवर शिंपण. दहा अंकांत एकच नाव छापण्यापेक्षा दहा नावे छापावी. वाचकांचे त्यात नुकसान होणार नाही, उलट एकाच विहिरीचे पाणी तीन ठिकाणी प्यावे लागण्याची आपत्ती टळेल.

आमच्या व्याख्यात्या मित्रांस हा लेख कठोर वाटल्यास आमचा नाइलाज आहे. गडकऱ्यांवर त्यांचे प्रेम आहे, तसे आमचेही आहे. परंतु त्या प्रेमापोटी करावयाची गोष्ट असेल तर ती ही : पुढच्या सभेत 'भावबंधना'ची गोष्ट जरूर सांगावी, आणि लगेच 'राजसंन्यासा'चीही सांगावी. चौतिशीच्या आत जे सरले, त्याबद्दल टाळ्या वाजवू नयेत, हळहळावे. आणि समोर बसलेल्या मुलांस सांगावे, की तुम्हांस आयुष्य मिळाले आहे, ते पुरवून वापरा.

ज्या मुलीने वहीत दोन रेघा ओढल्या, तिचे नाव आम्हांस ठाऊक नाही. सभा संपल्यावर गर्दीत ती दिसली नाही. दिसली असती तरी काय बोलावे हे त्या वेळी सुचले नसते. हा अंक तिच्या घरी येत असेल, अशी आशा आहे. तिने ती वही काढावी. वाक्य खोडू नये. ते एका वडीलधाऱ्या माणसाचे आहे. त्याच्याखाली एवढेच लिहावे, की सावनेरहून परत येताना काटोलच्या वाटेला लागावे आणि एखाद्या बागाईतदारास विचारावे, की यंदा झाडे कोरडी का ठेविली आहेत.